मशीनमामांचा गुरुवार

मशीनमामांना कुणीही फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "आवाज कसा येतोय?"

मशीन पाणी घेत नसो, कपड्यांना कुबट वास मारत असो, दाराखालून ओघळ येत असो, मामांना आधी आवाज हवा. समोरच्या बाई म्हणत, "घरघर येते हो." मामा म्हणत, "घरघर म्हणजे कशी? मांजर मांडीवर झोपल्यावर करतं तशी, की ट्रक चढाला लागल्यावर करतो तशी?" बाई गोंधळून घरातल्या चार जणांना विचारत, चौघं चार प्रकारची घरघर करून दाखवत, आणि शेवटी बाई वैतागून म्हणत, "तुम्ही याच ना एकदा."

मग मामा जात. खांद्याला पिशवी, पिशवीत पाने, पकड, जुने टूथब्रश, फडकी आणि एक लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक चालू मशीनच्या पाठीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात निकाल. बेअरिंग वाजतंय. बेल्ट सैल पडलाय. पंपात काहीतरी अडकलंय, बहुतेक बटण, चार भोकांचं. यातला "चार भोकांचं" हा भाग निव्वळ थाप असे, पण एक-दोनदा ती खरी निघाली होती आणि तेवढ्यावर मामांचं नाव झालं होतं. गल्लीच्या टोकाचे डॉक्टर म्हणायचे, "मामा, माझ्या दवाखान्यात येऊन बसा. दोघं मिळून पेशंट बघू."

एकतीस वर्षं हा धंदा केला, पण मामांच्या मते त्यातली अर्धी कामं त्यांच्याकडे यायलाच नको होती. मशीन बिघडत नाही, लोक ते तुंबवतात, असं त्यांचं म्हणणं. खालचा फिल्टर उघडून आत जे सापडेल ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचं आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवायचं, ही त्यांची पद्धत. केसांच्या पिना, कंगव्याचे दात, नाणी, पेनाचं टोपण, अंगठ्याएवढा मोजा. "बघा, ही तुमची कमाई," ते म्हणत. मग व्याख्यान सुरू. पावडर निम्मी करा, फेस बघायला मशीन घेतलंय का? खिसे तपासा. पावडरचा कप्पा पूर्ण बाहेर काढून धुवा. आणि धुणं झालं की दार उघडं ठेवा. "बंद दाराआड बसलं की माणसालासुद्धा वास मारतो, मशीन तर मशीन."

मामींनी हे व्याख्यान इतक्यांदा ऐकलं होतं की मामा दम घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य त्या देत. स्वतःच्या घरातल्या मशीनवरून मात्र त्यांची कायम कुरकुर. ते दोन टबांचं मशीन मामांनी निरनिराळ्या मेलेल्या मशिनांमधून उभं केलं होतं. अंग एकाचं, मोटर दुसऱ्याची, झाकण तिसऱ्याचं आणि तेही भलत्याच रंगाचं. "जगाची मशिनं लखलखीत," मामी म्हणायच्या, "आणि माझ्या वाट्याला हे बारा गावचं पाणी प्यायलेलं." त्याचं बटण जरा डावीकडे दाबून धरून मग फिरवायचं असतं, हे फक्त त्यांच्या हाताला माहीत. कपडे पिळायच्या टबावर सुरुवातीची दोन मिनिटं तळवा ठेवून उभं राहायचं, नाहीतर ते चालत चालत दारापर्यंत जाई. मामी तशा उभ्या असल्या की मामांना वाटे, बाई तापलेल्या लेकराला थोपटतेय.

मग मुलाच्या घरी बाळ आलं.

मुलगा लांबच्या शहरात, दोन गाड्या बदलून जावं लागे. मामी तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. तीन महिन्यांनी सूनबाई कामावर रुजू झाली, म्हणून आणखी तीन. मग बाळाला दात येत होते, मग ते चालायला लागलं, मग पडायला लागलं. बघता बघता दीड वर्ष झालं. मधे मामा आठ दिवस जाऊन आले. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी त्या घरातला गळका नळ, करकरणारं दार आणि डुगडुगणारं टेबल दुरुस्त केलं. उरलेले पाच दिवस हात मांडीवर ठेवून सोफ्यावर बसले. बाळसुद्धा त्यांच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघे. नवव्या दिवशी गिऱ्हाइकांचं निमित्त सांगून परत.

मशीनसाठी मामींचा पहिला फोन आला तो मामा परतल्यावर पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, सकाळी साडेअकराला.

"अहो, इथलं मशीन अडलंय. पाणीच उतरत नाहीये. काचेतून दिसतंय, सूनबाईचा शर्ट एक हात वर करून बुडतोय."

"आवाज कसा येतोय?"

"झाली का सुरू तुमची टकळी! येत नाहीये आवाज. जरा गुणगुणतं आणि गप्प होतं."

"म्हणजे पंप फिरायला बघतोय. आधी बटण बंद कर. खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं दार असेल."

"आहे. उघडलं."

"आत एक बारकी नळी आणि एक मोठं गोल झाकण. झाकणाला हात लावू नकोस."

"लावला."

"फिरवलंस?"

"थोडंसंच."

फोनमधून धो धो पाणी ऐकू आलं आणि त्यामागून चपलांची फटफट.

"आधी त्या नळीनं पाणी काढायचं असतं," मामा म्हणाले. "खाली पसरट भांडं ठेवून."

"आधी सांगायचं असतं."

"सांगतच होतो."

"तुम्ही फार हळू सांगता. तरुणपणापासून."

फिल्टरमधून बाळाचा मोजा निघाला. तीन आठवडे सगळं घर तो शोधत होतं. मामी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मामा फोन कानाला धरून तो ठसका थांबेपर्यंत उभे राहिले. थांबला तेव्हा त्यांना वाटलं, अजून थोडा चालला असता तरी हरकत नव्हती.

पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन. कपड्यांना वास येतोय. त्याच्या पुढच्या गुरुवारी पावडर कप्प्यातच राहतेय. गुरुवारी साडेअकरालाच का, हे मामांना हळूहळू कळलं. त्या वेळी मुलगा आणि सूनबाई कामावर, बाळ नुकतंच झोपलेलं, आणि मशीन ज्या बारक्या गॅलरीत होतं तिला सरकतं काचेचं दार होतं. ते ओढून घेतलं की मामींना मोठ्यानं बोलता येई. फोन त्यांनीच करायचा, कारण मामांनी केला तर घंटीनं बाळ उठे. असा अलिखित करार झाला. गुरुवारी साडेअकराला मामा कुणाचंही काम घेईनासे झाले. कुणाचं घर पाण्यात बुडत असलं तरी "बारानंतर" एवढंच उत्तर.

"दाराच्या रबराच्या घडीत बोट घाल. खालच्या बाजूला. काय लागतंय?"

"बुळबुळीत."

"काळं?"

"काळंच. तुम्ही वेळेवर जेवता ना?"

"जेवतो. फडक्याला थोडं व्हिनेगर लाव."

"काय जेवता?"

"जेवण. घडी अलगद उलटी कर, ओढू नकोस, फाटेल."

"गुडघ्यानं परत धरलंय."

"कुठल्या?"

"डाव्या."

मग बराच वेळ नुसती फडक्याची खसखस. मामा इकडे स्टुलावर बसून ती ऐकत. मामी दमल्या की खसखस मंदावे, मग ते म्हणत, "बस जरा. रबर कुठे पळून जात नाही."

असं करत करत मामींनी सगळं शिकून घेतलं. नळ बंद करून पाण्याचा पाइप सोडवायचा, त्याच्या तोंडाशी असलेली जाळी पकडीनं अलगद ओढायची, ब्रशनं घासायची. महिन्यातून एकदा रिकामं मशीन कडक पाण्यावर फिरवायचं. पाय खालीवर करून मशीन चार कोपऱ्यांवर सारखं टेकवायचं आणि पायावरचा नट घट्ट करायचा, नाहीतर पुन्हा डुगडुग. एकदा त्या म्हणाल्या, "मी आता इथं पाटी लावते. मशीनमामी." मामा म्हणाले, "माझी गिऱ्हाइकं तोडू नकोस म्हणजे झालं." परत कधी येतेस, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते त्यांच्या ओठांवर येई आणि प्रत्येक वेळी जाळी, नाहीतर पाइप, नाहीतर पावडर होऊन बाहेर पडे. मामीही कधी येते म्हणाल्या नाहीत. मामांनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून घेतला. तिथं नातू आहे, नवं मशीन आहे, तिला करमतंय.

एका संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"बाबा, या मशीनचं काही खरं नाही का? आई दर गुरुवारी त्याच्याशी झटापट करते. नवीन घेऊन टाकू?"

एकतीस वर्षांचा कारागीर खडबडून जागा झाला. "त्या मशीनला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे. आवाज ऐकलाय मी त्याचा, दहा वर्षं हलत नाही. आणि तुझी आई आता माझ्या तोडीची झालीये. आता चार महिने त्याच्याकडे ढुंकून बघायची गरज नाही."

"बरं झालं. अजून एक विचारायचं होतं. बाळ शाळेत जाईपर्यंत आई इथं राहिली तर? दीड-दोन वर्षं अजून."

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. पण तोंडात अजून कारागीरच बोलत होता. "राहू दे की. माझं इथं काय अडलंय?"

तेव्हा त्यांना मुलाच्या मागून ओळखीचा खोकला ऐकू आला. फोन स्पीकरवर होता.

त्या गुरुवारी साडेअकरा वाजले, पावणेबारा झाले, बारा वाजले. फोन आला नाही. मामा स्टुलावर बसून पाने पुसत राहिले. सगळे पुसून झाले तेव्हा पहिल्यापासून पुन्हा पुसले.

येणार कुठून? मशीन ठणठणीत असल्याचा दाखला त्यांनी स्वतःच्या तोंडानं दिला होता. चार महिन्यांचा.

दुसऱ्या गुरुवारीही नाही. आपण फोन करावा असं मनात येई. पण घंटी वाजली, बाळ उठलं, तर बोलायचं काय? आजवर त्यांनी कुणालाही काम नसताना फोन केला नव्हता. आणि बायकोला करायचा म्हणजे काहीतरी सांगायला हवं, आणि जे सांगायचं त्यावर तर 'माझं काय अडलंय' असं आधीच म्हणून बसले होते.

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी घरातल्या मशीनवरची चादर काढली. मामी गेल्यापासून ते बंद होतं. एका माणसाचे दोन शर्ट बादलीत होतात, त्याला मशीन कशाला? बंद ठेवलेलं मशीन चालत्या मशीनपेक्षा लवकर मरतं, हे ते लोकांना बजावून सांगत. पाठ उघडली तर बेल्ट कडक होऊन जिथं वळलेला तिथंच राहिलेला. त्यांनी नवा चढवला. पाइप झटकला. मग धुण्याच्या टबातली कचरा अडकायची जाळीची पिशवी काढली. आत कपड्यांच्या धाग्यांची लव होती, वाळून पापुद्र्यासारखी झालेली. बरीचशी राखाडी, आणि मधेमधे हिरवी. मामींची हिरवी शाल. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती धुतली होती आणि रंग जातो म्हणून मामांवरच चिडल्या होत्या.

जी पिशवी प्रत्येक धुण्यानंतर उलटी करून झटकायची, असं मामांनी गल्लीतल्या प्रत्येक घराला दटावून सांगितलं होतं, ती त्यांनी तशीच परत जागेवर लावली.

दोन शर्ट आणि एक टॉवेल धुतला. बटण तीनदा फिरवलं तेव्हा लागलं. पिळायला टाकलं तर मशीन धडधडत सुटलं. एवढ्याशा कपड्यांनी टबाचा तोल राहत नाही, सगळं ओझं एका अंगाला जातं. मामांनी झाकणावर तळवा ठेवला आणि दोन मिनिटं तसेच उभे राहिले.

चौथ्या गुरुवारी साडेअकराला फोन वाजला.

"अहो," मामी म्हणाल्या. "आवाज येतोय."

"कसा?"

"कसला तरी. टण टण असा."

"फोन मशीनवर ठेव. पालथा."

खरखर झाली, मग स्पष्ट ऐकू येऊ लागलं. ड्रम हळू फिरत होता. टण. थोडं थांबून, टण. ड्रम थांबला, उलटा फिरायला लागला, पुन्हा टण. मामांना डोळेसुद्धा मिटावे लागले नाहीत. नाणं. दोन ड्रमच्या मधे अडकलं असतं तर खरवडल्यासारखं वाजलं असतं. हे आतल्या ड्रममधे मोकळं होतं, वर जाऊन खाली पडत होतं.

आणि एकटंच पडत होतं. कपडे असते तर त्यांच्यात गुरफटून आवाज बोथट झाला असता. पाणी असतं तर डुबुक झालं असतं. ड्रम कोरडा, रिकामा, त्यात एक नाणं. ज्या बाईला फिल्टर, रबर, जाळी, पाय सगळं तोंडपाठ, तिनं खिसा तपासला नसेल? खिसाच नव्हता आत.

"ऐकलंत?" मामींनी फोन उचलला.

"ऐकलं. कपडे किती टाकलेस?"

"टाकलेत की. नेहमीचे."

खिशातलं नाणं काढ, एवढं म्हटलं की निदान बरोबर आणि काम खलास. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. आणि मग पुढचा गुरुवार येईल न येईल.

"नीट कळलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा ठेव."

पुन्हा टण, थांबणं, टण. मामा ऐकत राहिले. त्यामागं कुठंतरी मामींचा श्वास होता, थोडा धापेचा, खाली वाकून बसल्यावर यायचा तसा. बऱ्याच वेळानं मामींनी फोन घेतला. "काय झालंय हो त्याला?"

"त्याला काही झालेलं नाही."

"मग?"

"अगं," मामा म्हणाले, "ते नाणं काढ आणि ये."

पलीकडे मशीन बंद झाल्याची टिकटिक वाजली.

"कुठे?"

"घरी."

"तुमचं तिथं काय अडलंय?" त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच सुरात.

"मशीन हलतंय. एकट्याचे कपडे त्याला पुरत नाहीत. बटण लागत नाही." मामा थांबले. हेही पुन्हा मशीनच झालं, असं त्यांच्या लक्षात आलं. "मला करमत नाही. गेल्या दीड वर्षात एक दिवस करमलेलं नाही."

मामींनी सरकतं दार नीट ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "रबर पुसलं, जाळ्या घासल्या, गॅलरीच्या फरशीवर बसून बसून गुडघे फुटायची वेळ आली. म्हटलं, हा माणूस आज म्हणेल, उद्या म्हणेल. आणि तुम्ही आपले, पाइप घट्ट बसवलास का?"

"बसवला होतास ना पण?"

"बसवला होता." हसल्या की रडल्या ते फोनमधून कळेना, आणि इतका तयार कान असून मामांनाही कळेना. "मी एकटी नाही सांगणार पोराला. राहू दे की, असं तुम्ही म्हणालात. तुम्हीच मागे घ्या."

त्या संध्याकाळी मामांनी आयुष्यात पहिल्यांदा काम नसताना फोन केला. मुलगा म्हणाला, "अहो बाबा, पण तुम्हीच म्हणालात, माझं काय अडलंय."

"म्हणालो. खोटं बोललो."

"म्हणजे?"

"अडलंय."

मुलाच्या मागे बाळ काहीतरी आपटत होतं. मग तो म्हणाला, पाळणाघर शोधायचं, बाळाला सवय करायची, आईनं निदान सुरुवातीला रोज घ्यायला-सोडायला जायचं, अडीच-तीन महिने तरी लागतील. त्याच्या आवाजात राग होता का, हेही मामांनी ऐकायचा प्रयत्न केला. राग नव्हता, थोडी काळजी होती, आणि बापाकडून कधी न ऐकलेलं काही ऐकल्यावर माणूस अडखळतो तसं काहीतरी होतं.

"लागू देत," मामा म्हणाले. तीन महिने म्हणजे बारा-तेरा गुरुवार. दीड वर्षापेक्षा ते लांब वाटले.

पुढच्या गुरुवारी साडेअकराला फोन वाजला. मामांनी उचलला, "हं" म्हणाले. पलीकडे फोन पालथा ठेवल्याची खरखर झाली आणि पाठोपाठ टण.

"अगं, नाणं काढलं नाहीस अजून?"

"नाही," लांबून मामींचा आवाज आला.

असं मोकळं नाणं फिरत राहिलं तर ड्रमवर ओरखडे पडतात, दाराच्या काचेला टवका जातो. दुसरं कुणी असतं तर मामांनी त्याला उभं आडवं सोलून काढलं असतं. त्यांनी स्टूल भिंतीशी ओढलं, बसले, फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राहू दे," ते म्हणाले. "जरा वेळ राहू दे."

तिकडे ड्रम थांबला, उलटा फिरण्याआधी थांबतो तसा, आणि दोन घरांत दोन माणसं नाणं खाली पडायची वाट बघत बसली.